आधी कोणी मागायची

त्या दिवशी सकाळी सारिकाचा फोन वाजायला लागला तो थांबायचं नावच घेईना. एरवी फोन आला तर कुणाचा तरी पासवर्ड हरवलेला असायचा, नाहीतर कुणाला वेबसाइटवरचा आपल्या दुकानाचा फोटो बदलून हवा असायचा. पण शिंदखेड्याचा क्लासवाला, देवपुरातली रक्त तपासायची लॅब आणि मंगल कार्यालयाचे मॅनेजर, तिघांचे फोन एकमेकांवर आदळायला लागले तेव्हा हे प्रकरण वेगळं आहे हे तिने ओळखलं. कढईतले पोहे सासूबाईंच्या हवाली करून ती माडीवर पळाली.

धुळ्याच्या देवपुरातल्या त्या माडीवरच्या खोलीत सारिकाचा धंदा होता. लोकांच्या वेबसाइट सांभाळायच्या. भाड्याने घेतलेला तिचा सर्व्हर मुंबईकडे कुठल्याशा थंडगार इमारतीत होता, तिने तो जन्मात पाहिला नव्हता, पण धुळ्या-जळगावची पंचवीस-तीस गिऱ्हाइकं त्या एकाच मशीनवर नांदत होती. नळ एक आणि बिऱ्हाडं तीस, त्यातला प्रकार. एकाने तोटी सोडून ठेवली की बाकीच्यांनी रिकामे हंडे वाजवत बसायचं.

आज कुणीतरी तोटी सोडून ठेवली होती. प्रोसेसरचा आकडा शंभराला टेकला होता आणि खाली यायला तयार नव्हता. कोण हे शोधायला फार वेळ लागला नाही. जैन संघाची वेबसाइट. तरी मी म्हटलं होतं, असं ती स्वतःशीच पुटपुटली.

म्हटलं होतंच तिने. जळगावचे इंदरचंदशेठ, डाळ मिलवाले, उन्हाळ्यात स्वतः तिच्याकडे येऊन बसले होते. त्यांच्या जैन संघासाठी क्षमापनेची वेबसाइट करून हवी होती. पर्युषणाच्या शेवटी संवत्सरीला, वर्षभरात ज्याला ज्याला दुखावलं त्याची क्षमा मागायची, 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणायचं, हा त्यांच्यातला रिवाज. पूर्वी लोक घरोघर जाऊन म्हणत. मग छापील कार्डं आली. मग मोबाइलवर एकच फुलाचं चित्र झाडून सगळ्यांना जायला लागलं. त्या फुलाचा शेठजींना भारी राग. एकगठ्ठा क्षमा ही क्षमाच नव्हे असं त्यांचं म्हणणं. म्हणून या वेबसाइटवर 'सर्वांना' असं बटणच ठेवायचं नाही. जळगाव, धुळे, दोंडाईचा, जिथे जिथे संघाची घरं तिथलं प्रत्येक नाव, नावाशेजारी अख्ख्या कुटुंबाचा फोटो, आणि एकेक नाव दाबून एकेकाची क्षमा मागायची. वाटलं तर दोन ओळी लिहायच्या. तुमची क्षमा कोणी कोणी मागितली ते पाहायला वेगळं पान, तेही फोटोंसकट, एकही नाव न गाळता. सारिकाने सांगून पाहिलं की काका, हे पान फार जड होईल, सगळे एकदम आले तर मशीन झोपेल. तर म्हणाले, क्षमा काय हलकी करून मागतात का? आता यावर माणसाने काय बोलावं!

दोंडाईच्याची घरं घेतलीस ना, हे मात्र त्यांनी प्रत्येक भेटीत विचारलं होतं.

काल संवत्सरी झाली. उपवास, संध्याकाळी वर्षभराचे दोष आठवून करायचं प्रतिक्रमण, त्यात कुणी फोनला हात लावला नाही. आज सकाळी पारणं झालं आणि सगळ्यांनी एकदमच फोन हातात घेतले. सर्व्हरचं कंबरडं मोडलं.

पुढचा फोन शेठजींचाच होता. ते रागावले असतील म्हणून सारिकाने आधीच सबबी जुळवायला घेतल्या, पण त्यांचा आवाज रागाचा नव्हता. कापत होता. पान उघडत नाही बेटा, अर्धं येतं आणि थांबतं, म्हणाले. गर्दी आहे काका, थोडा दम धरा, असं ती म्हणाली.

"दम धरून धरून म्हातारा झालो," शेठजी म्हणाले. "प्रेमचा संदेश अडकलाय गं तुझ्या मशीनमध्ये."

आणि मग त्यांनी एरवी जे कुणाला सांगितलं नसतं ते फोनवर एका दमात सांगून टाकलं. प्रेम म्हणजे प्रेमकुंवर, त्यांची धाकटी बहीण, दोंडाईच्याला दिलेली. नवरा अकाली गेल्यावर मिरचीचा व्यापार तिने एकटीच्या जिवावर ओढला. तिच्या मुलीच्या लग्नात बिनसलं. त्यांच्यात भाचीच्या लग्नाला मामाने मायरा न्यायचा असतो, साड्या, दागिना, सगळ्या घराला आहेर. पण त्याआधी बहिणीने गूळ घेऊन भावाच्या दारी यायचं आणि त्याला बोलवायचं. लग्न नेमकं मिरचीच्या हंगामात आलं. प्रेमकुंवरबाईंना पेढी सोडून निघता येईना. त्यांनी मोबाइलवरून कळवलं, भाई, मायरा घेऊन या. गूळ नाही, बहीण दारात नाही, नुसता मेसेज! शेठजींना तो झोंबला. त्यांनी मायरा मुनीमाच्या हाती पाठवला आणि स्वतः गेले नाहीत. बहिणीने तो पेटारा न उघडता त्याच गाडीने परत धाडला. मांडवात मामाची जागा रिकामी राहिली. तेव्हापासून बोलणं बंद ते बंदच. त्या भाचीची मुलं आता शाळेत जात होती आणि शेठजींनी त्यांची तोंडं पाहिली नव्हती.

"ती यंदा मागणार, मला पक्कं ठाऊक आहे," शेठजी म्हणाले. "सकाळपासून कॉम्प्युटरपुढे बसलोय. पुढची संवत्सरी कोणी पाहिली बेटा? माझं वय काय, तिचं वय काय."

सारिकाने विचारलं, फोन का नाही करत? तर ती उचलत नाही म्हणाले. केला होता का कधी? तर उचलणारच नाही तर करायचा कशाला, हे उत्तर. सारिकाला हसूही आलं आणि कसंतरीही झालं. बघते काका, म्हणून तिने फोन ठेवला.

बघते म्हणणं सोपं होतं. खरं तर मशीन ताळ्यावर आणायचा एक हुकमी उपाय तिच्या हाताशी होता. रिस्टार्ट. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला की सगळी गर्दी पुसली जाते आणि लोड एकदम जमिनीवर येतो. पण पुसली जाते म्हणजे खरंच पुसली जाते. ज्यांनी बटण दाबलंय पण ज्यांचा संदेश अजून रांगेत ताटकळलाय, तो संदेश जातो तो जातोच. मागे एकदा घाईघाईत असंच केलं तेव्हा लॅबच्या कितीतरी पेशंटांच्या नोंदी गेल्या होत्या आणि डॉक्टरांनी तिला उभं-आडवं घेतलं होतं. नोंदी पुन्हा करता आल्या. पण इतक्या वर्षांनी एका बाईने मनाचा हिय्या करून पाठवलेला संदेश रांगेत उभा असेल आणि तो आपल्या हातून गेला तर? ती बाई पुन्हा पाठवेल? आपण पाठवला आणि भावाने ओ दिली नाही, असंच ती धरून बसेल. मग मेल्यावरच सुटका. सारिकाने रिस्टार्टकडे गेलेला हात मागे घेतला.

इकडे गिऱ्हाइकांचा धीर सुटत चालला होता. क्लासवाला म्हणाला की आज ऑनलाइन परीक्षा ठेवलीय आणि पालक त्याला खाऊन टाकतायत. लॅबवाल्या डॉक्टरांनी नुसतं "परत तेच ना?" एवढंच विचारलं, ते शिव्यांपेक्षा वाईट होतं. सारिका प्रत्येकाला थोडा वेळ, थोडा वेळ म्हणत राहिली.

सासूबाई, पुष्पाबाई, पोह्यांची बशी घेऊन वर आल्या. सून स्क्रीनकडे टक लावून बसलेली पाहून त्यांनी बशी टेबलावर ठेवली.

"ताप चढेल शे का त्या मशीनले?" त्यांनी विचारलं.

"हो आई. उतरतच नाही."

मग डोकं शांत ठेव, असं काहीसं म्हणून त्या खाली गेल्या. पोहे निवले.

पण सारिका खरंच शांत झाली, किंवा दमली म्हणा. शंभर जणांच्या गर्दीने मशीन लंगडं होईल, पण गर्दी ओसरली की सावरेल. संघातली घरं ती किती! सकाळचा लोंढा एव्हाना निवायला हवा होता. लोड मात्र तसूभर हलला नव्हता. तिने मशीनचा लॉग उघडला, म्हणजे कुठून कोण आलं आणि काय मागितलं त्याची सरकती यादी. आणि ती जागीच ताठ झाली.

दोनच पत्ते होते. एक जळगावचा, एक दोंडाईच्याचा. दोघांचं मागणं एकच, 'तुमची क्षमा मागणारे' हे पान. तेच जड पान. आलं नाही की पुन्हा, अर्धं आलं की पुन्हा, मधे श्वास घ्यायलाही उसंत नाही. हॉटेलात एखाद्याने चहा सांगावा, आला नाही म्हणून परत सांगावा, परत सांगावा, आणि आत आचाऱ्याने पहिल्यापासूनचे सगळे चहा उकळायला घ्यावेत, तसं आत चाललं होतं. बाहेर कुणालाच चहा मिळत नव्हता.

माणूस असं करत नाही, हा हल्ला आहे, असं तिला वाटलं. वेबसाइट पाडायला कुणीतरी टपलेलं असतं, असं तिने ऐकलं होतं, पण धुळ्याच्या माडीवर ते कधी येईल असं वाटलं नव्हतं. तिने पुढचा-मागचा विचार न करता दोन्ही पत्त्यांना दार बंद केलं.

लोड धाडकन खाली आला. रांगेत ताटकळलेले सगळे संदेश एकामागून एक सुटले. क्लासवाल्याचा फोन आला, चालू झालं ताई. सारिकाने गार पोह्यांचा एक घास तोंडात घातला आणि लगेच ते जड पान सुधारायला घेतलं. फोटो बारीक केले, एका वेळी मोजकीच नावं येतील असं केलं, आणि जुनं मागणं सोडून गेलेल्या माणसासाठी मशीनने आत राबत बसू नये अशी सोय केली. शेठजींना आवडलं नसतं. पण शेठजींना विचारतंय कोण.

तेवढ्यात त्यांचाच फोन आला. आता तर काहीच येत नाही बेटा, नुसतं पांढरं पान. माझंच एकट्याचं बंद आहे, बाकी सगळ्यांचं चालतंय म्हणे.

सारिकाने झटकन लॉग पुन्हा पाहिला. जळगावचा पत्ता!

तिने त्यांना विचारलं की काका, सकाळपासून तुम्ही नक्की काय करताय? तर म्हणाले, काय करणार, ते वरचं बटण दाबतोय. तुरीचा, हरभऱ्याचा भाव बघायला रोज दाबतो तेच. भाव हलतो ना दर घडीला, म्हणून सवय आहे. सारिकाने कपाळावर हात मारून घेतला. हल्लेखोर तिच्याशी फोनवर बोलत होता आणि तिला बेटा म्हणत होता.

थांबा, मी फोन करते, असं म्हणून तिने दुसरा पत्ता पाहिला. दोंडाईचा. त्या पत्त्यावरून कुणाच्या नावाने पान उघडलं जातंय ते शोधलं, आणि ज्याची तिला भीतीही होती आणि आशाही, तेच नाव समोर आलं. प्रेमकुंवर. तीही व्यापारीच. मिरचीचा भाव तीही अशीच बघत असणार.

आता राहिला तो अडकलेला संदेश. रांग रिकामी झाली होती, जे पाठवलं गेलं ते सगळं पोचलं होतं. तिने बहिणीकडून भावाला गेलेलं काही आहे का पाहिलं. नाही. भावाकडून बहिणीला? शेठजींनी संघातलं झाडून एकेक नाव दाबलं होतं, ज्यांच्याशी कोर्टकज्जा चालू होता त्यांचंही. फक्त एक नाव सोडून. आणि दोंडाईच्याहून बाईंनी हेच केलं होतं. मशीनमध्ये कुणाचाच संदेश अडकलेला नव्हता. दोघं बहीण-भाऊ सकाळपासून आपापल्या गावात बसून, दुसऱ्याने आधी मागावी म्हणून एकाच पानावर डोळे लावून होते. बाजारात भाव आधी जो बोलतो तो मार खातो. जन्मभर जे केलं तेच इथे चाललं होतं, आणि त्या ओढाताणीत तिचा सर्व्हर मरत होता.

सारिकाला रडू आलं. राग आला म्हणून की वाईट वाटलं म्हणून, हे तिचं तिलाही कळलं नाही.

आणि मग एक विचार तिच्या मनात आला, अगदी हळूच. सगळ्या किल्ल्या आपल्याच हातात आहेत. बहिणीच्या नावाने भावाला एक ओळ आपण आत घालायची, भावाच्या नावाने बहिणीला एक. कोण बघतंय? दोघांनाही वाटेल समोरचा आधी वाकला. दोघांचंही राहील. तिने एक ओळ लिहिलीसुद्धा. पण ती पुढे पाठवायला बोटं धजेनात. उघडकीला आलं तर दोघं मिळून तिला फाडून खातील ते सोडा, पण उघडकीला नाहीच आलं तर ते जन्मभर तिच्या शब्दांवर हात जोडून बसतील. तिने ओळ पुसली आणि शेठजींना फोन लावला.

"काका, मशीनमध्ये काहीच अडकलेलं नाही," ती म्हणाली. "मी सगळं तपासलं."

शेठजी म्हणाले, "म्हणजे तिने पाठवलाच नाही."

"तुम्ही पाठवलाय?"

"मी मोठा आहे बेटा."

सारिकाला हे सांगावं की नाही कळत नव्हतं. गिऱ्हाइकाचं गिऱ्हाइकापाशी ठेवायचं, हा तिचा नेम. पण तोंडातून निघून गेलं. "दोंडाईच्याहूनही कुणीतरी सकाळपासून तेच पान उघडून बसलंय काका. अगदी तुमच्यासारखंच. पुन्हा पुन्हा."

फोन चालू होता, पंख्याचा आवाज येत होता, हमालांचा गलका येत होता. मग त्यांनी घसा साफ केला आणि आतल्या कुणाला तरी विचारलेलं सारिकाला ऐकू आलं, नंदुरबारकडे जाणारी, दोंडाईच्याला थांबणारी गाडी आता कोणती? बटण दाबायला तुमचं पान उघडून देऊ का, असं तिने विचारलं. नको, म्हणाले. बटणं खूप दाबली.

ते निघाल्यावर सारिकाने पान नीट चालतंय याची खात्री केली आणि दोन्ही पत्त्यांची दारं उघडली. जळगावहून कुणी आलं नाही. दोंडाईचा मात्र आलं, लगेच, पुन्हा पुन्हा. आता पान हलकं झालं होतं, लोड जेमतेम हलायचा, पण ते सारखं येणं बघताना सारिकाच्या जिवाची घालमेल होत होती. तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं, बाई, थांबा, तो येतोय. पण तो खरंच येतोय का? जळगाव स्टेशनावर माघारी फिरला असेल तर? सत्तरी ओलांडलेला माणूस, अहंकार जुना, त्याला परतायला कितीसं कारण लागतं?

दुपार कलली तेव्हा दोंडाईचा अचानक थांबलं. लॉग शांत झाला. सारिकाने घाबरून पुन्हा पाहिलं. आणि तिथे नवीन संदेश होता. प्रेमकुंवरकडून इंदरचंदना. दोनच ओळी. 'भाई, चुकलं माझं. मिच्छामि दुक्कडम्.'

तिने तो दोनदा वाचला आणि आनंदाने फोन उचलला. शेठजींचा मोबाइल साधा बटणाचा, त्यावर वेबसाइट उघडणार नाही, आपणच सांगायला हवं. आला काका, आला तिचा! हे शब्द ओठांवर होते. आणि नंबर लावता लावता ती थबकली.

हे त्यांना कळलं तर पुढचं स्टेशन येताच ते उतरतील. बहीण वाकली, झालं. परतीची गाडी धरून पेढीवर येतील, वरचं बटण दाबतील, उत्तरादाखल एक ओळ पाठवतील आणि समाधानाने जेवायला बसतील. आणि त्या घरात मामाची जागा होती तशीच रिकामी राहील. तिने फोन खाली ठेवला. सकाळी खोटा संदेश पाठवायला तिची बोटं धजली नव्हती, आणि आता खरा लपवायची पाळी आली होती.

फोन वाजला. त्यांचाच.

"अमळनेरला गाडी उभी आहे बेटा," शेठजी म्हणाले. मागे चहावाला ओरडत होता. "एकच विचारायचं होतं. आला का तिचा?"

समोर त्या दोन ओळी उघड्याच होत्या. आज, या दिवशी, या माणसाशी खोटं बोलायचं.

"नाही काका," ती म्हणाली. "अजून काही नाही."

शेठजी उठले असतील का, पिशवी हातात घेतली असेल का, दाराशी गेले असतील का, सारिका कान लावून होती.

"बरं," ते शेवटी म्हणाले. "म्हणजे मलाच मागावी लागणार. दार उघडल्यावर काय म्हणायचं तेच जुळवतोय मघापासून. सगळं आयुष्य दुक्कडम् म्हणतोय, आणि आता तोंडाला येत नाही."

"जुळवू नका काका. नुसते जा."

त्यांनी हो म्हटलं की नाही ते ऐकू आलं नाही, कारण शिट्टी झाली आणि फोन तुटला. सारिका हातातल्या फोनकडे बघत बसली. आपण केलं ते चूक की बरोबर, ते तिला कळत नव्हतं. पण गाडी अमळनेरहून सुटली होती आणि शेठजी गाडीतच होते.